मधल्या घराचा नियम

रताळ्याच्या चकतीची कड काळपट पडून वर वळली होती. मेरेआनाने ती सोंगटी म्हणून मू तोरेरे या माओरी खेळाच्या पटावर मधल्या घरात सरकवली, तेव्हा ती ओली होती. त्या चालीने समोरच्या तमिहानाच्या सगळ्या सोंगट्या अडकल्या, आणि वाद सुरू झाला.

"शेजारी माझी सोंगटी असेल तरच मधे जाता येतं," तमिहाना म्हणाला. तो शेजारच्या खाडीवरून आलेला पाहुणा.

"ते फक्त सुरुवातीच्या चालींपुरतं. मला आईने असंच शिकवलंय."

"मग आईच्या गावी जाऊन खेळ, बाई."

आई दक्षिणेकडची होती, आता हयात नव्हती. चुकीची चाल म्हणजे हार, हे आधीच ठरलं होतं. निवाडा मेरेआनाच्या आजोबांनी, म्हणजे कोरोंनी, द्यायचा होता, पण ते दर वेळी म्हणत, "आधी चहा घेऊ." किटली पुन्हा पुन्हा भरली जात होती.

"कोरो, माझ्यासाठी निवाडा लांबवताय ना तुम्ही?" ती वैतागून म्हणाली. "सभेत कुणी भांडलं की तुम्हीच सांगता, ज्याचं अंगण त्याची रीत. मग इथली रीत सांगून टाका ना एकदाची."

"तुझी आई फार छान खेळायची, पोरी."

"मी आईचं विचारलं नाही."

कोरोंनी कप खाली ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "या अंगणात तो नियम शेवटच्या चालीपर्यंत लागू असतो. मेरेआनाची चाल चुकली. तमिहाना जिंकला."