अबुंदियोची सॅक

त्या शनिवारी डोंगराच्या धारेवर वारा असा बोचत होता, की कान आहेत की गळून पडले ते चाचपून बघावं लागत होतं. पण तेन्चाला थंडी कुठली वाजतेय! शाळेची बस चालवणारी ही बाई आज पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढं चालत होती.

कोचेला खोऱ्यातल्या चर्चच्या मंडळींची ही जुनी खोड. कॅलिफोर्नियातलं हे वाळवंट उन्हाळ्यात माणूस भाजून काढतं, म्हणून हिवाळा लागला की दर शनिवारी गावामागच्या मातीच्या डोंगरांत जायचं. बकरीच्या पाठीच्या कण्यासारख्या धारेवरून चालायचं, दोन्ही बाजूंना खोल घळी, खाली खजुराच्या बागा आणि लांबवर ते खारं तळं. दुपारी बसून बुरितो खायचे, सूर्य सान हासिंतोच्या डोंगराआड जायच्या आत घरी. इतकी वर्षं पुढं एवारिस्तोकाका असायचे. आता त्यांचे गुडघे बोंबलायला लागले. आज ते शेपटाला, सगळ्यांच्या मागं.

"आजचा दिवस तेन्चा नेईल," काकांनी सकाळी गाड्यांपाशी सांगितलं होतं. "नीट नेलं तर पुढं तिचंच. नाहीतर रुफिनो आहेच."

रुफिनो म्हणजे काकांचा पुतण्या. पोटऱ्या अशा की बघत राहावं, पण चालताना मागं वळून बघायचं त्याला ठाऊक नाही. मागच्या हिवाळ्यात त्यानं एकदा मंडळी नेली, तर बायका रडकुंडीला आल्या होत्या. तो हसला आणि म्हणाला, "मावशी, शाळेच्या बसला ब्रेक असतो. धारेला नसतो."

"तोंडालाही नसतो काहींच्या," तेन्चा म्हणाली आणि चालायला लागली.

निघताना तिनं नियम सांगितले होते. त्यातला एक त्या मंडळींचा फार जुना. कुणाला आडोशाला जायचं असेल तर ओरडून सांगायची गरज नाही. सॅक वाटेवर काढून ठेवायची आणि जायचं. शेपटाच्या माणसाला सॅक दिसली की तो तिथंच थांबतो, धनी परत येईपर्यंत. लाजही राहते आणि माणूसही राहतो.

हे सांगत होती तेव्हा गोयो, जो आज पहिल्यांदाच धारेवर येत होता, तिथं नव्हता. गोयोला गाडी लावायला जागा मिळत नव्हती, तो धापा टाकत मागून आला. आणि गोयो म्हणजे भला माणूस हो. रेड्यासारखा दांडगा, कुणाचं ओझं दिसलं की उचललंच. बाजारातून घरी जाताना गडी निम्म्या गल्लीच्या पिशव्या पोचवतो.

दुपारी सगळी मंडळी धारेवरच्या सपाटीला टेकली. सॅका एका जागी टाकल्या, चांदीच्या कागदातले बुरितो निघाले, कुणी संत्री सोलायला घेतली.

"सगळ्या सॅका आल्या," रुफिनो बोट फिरवत म्हणाला. "सगळे पोचलो. वाढा!"

"सॅका शाळेत जात नाहीत रे, पोरं जातात," तेन्चा म्हणाली. उभं आयुष्य बस चालवलेली बाई ती. ती डोकी मोजायची. मोजली. एक कमी. परत मोजली. एक कमीच.

"अबुंदियो कुठाय?"

अबुंदियो गावातला न्हावी, या हिवाळ्यातच यायला लागलेला. इतका लाजरा, की गिऱ्हाइकाला मान वाकवा म्हणायलाही संकोचतो.

"असेल इथंच," कुणीतरी म्हणालं. "ही काय त्याची निळी सॅक."

"ती मी आणली," गोयो तोंडात घास धरूनच म्हणाला. "वाटेत पडली होती बिचारी. म्हटलं दमला असेल, टाकून पुढं गेला असेल."

एवारिस्तोकाकांनी डोक्यावरची टोपी काढली. शेपटाला तेच होते. वाटेवर सॅकच नाही म्हटल्यावर ते सरळ चालत आले होते.

"अरे देवा," गोयोच्या हातातला बुरितो खाली आला. "कोमाद्रे, मी..."

गोयो तेन्चाच्या लेकीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा आणि ती त्याला कोम्पाद्रे. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा एवढा पडलेला तिनं पाहिला नव्हता.

"नंतर रड, कोम्पाद्रे. कुठं उचललीस?"

"त्या दोन लाल दगडांपाशी. मागं."

रुफिनो उठलाच. "मी गाड्यांकडे पळतो. घाबरून परत गेला असणार."

"बस खाली."

"मावशी, ऊन जातंय! त्याच्याकडे पाणी नाही, जाकीटसुद्धा सॅकमध्ये आहे!"

"म्हणूनच बस म्हणते. एकाला शोधायला दुसरा हरवायचा नाही. तो आडोशाहून आला, बघतो तर सॅक गायब. तू काय केलं असतंस?"

"सॅक शोधली असती."

"कुठं? या धारेवर ठेवलेली वस्तू जाईल कुठं?"

रुफिनोनं घसाऱ्याकडं बघितलं.

मंडळींना काकांपाशी बसवून तेन्चा, गोयो आणि रुफिनो मागं आले. लाल दगडांपाशी बुटांचे ठसे होते, आणि डावीकडच्या घसाऱ्यावर ढुंगणानं घसरल्याचा लांबलचक पट्टा. सॅक गडगडत गेली समजून न्हावीबुवा घळीत उतरले होते.

रुफिनोनं लगेच पाय टाकला. तेन्चानं त्याची कॉलर धरली.

"ही माती उतरू देते, चढू देत नाही. मग तुम्हा दोघांना वर ओढायला मी क्रेन आणू?"

ती धारेच्या कडेकडेनं चालायला लागली. खालून घळीत दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, पण वरून प्रत्येक वळणाचा तळ दिसतो. दोन वळणं रिकामी गेली. तिसऱ्यात, सावलीत, एक माणूस वाकून झुडपं उचकत होता.

"अबुंदियो!"

तो दचकला. "तेन्चाबाई! माझी सॅक पडलीय हो! तुम्ही व्हा पुढं, माझ्यासाठी नका थांबू!"

"सॅक वर आहे! चोर माझ्या शेजारी उभाय!"

गोयोनं दोन्ही हातांनी सॅक डोक्यावर धरली. खाली अबुंदियो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला हुडहुडी भरली.

"आहेस तिथून पुढं चाल! वर चढायचा प्रयत्न नको! मी वरून सांगते तसं!"

ती वरून, तो खालून. डावीकडं, आता उजवीकडं, तो दगड सोड. घळ जिथं उथळ होऊन धारेला मिळते तिथं गोयोनं हात दिला आणि त्याला पोत्यासारखं वर घेतलं. त्याला स्वतःचं जाकीट घातलं, वर त्याचंही घातलं. रुफिनोनं न सांगता आपली पाण्याची बाटली पुढं केली.

सपाटीवर परत आले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. तेन्चा सगळ्यांसमोर उभी राहिली.

"नियम गोयोला माहीत नव्हता. सांगायचं काम माझं होतं, झालं नाही. आता सगळे ऐका, गोयो तू दोनदा ऐक. आणि धारेच्या टोकापर्यंत आज जायचं नाही. इथून परत."

"टोक तर समोर दिसतंय," मागून कुणी कुरकुरलं.

"दिसू दे. पळून जात नाही ते."

एवारिस्तोकाका काठी टेकत उठले. रुफिनोनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग तेन्चाकडं, आणि आपली सॅक पाठीवर चढवली.

"काका, शेपटाला मी जातो," तो म्हणाला. "तुम्ही मध्ये चाला."

काका गालातल्या गालात हसले. "पुढच्या शनिवारी कुठं नेतेस मग, तेन्चा?"

"पुढच्या शनिवारी माझ्या नातीचा बाप्तिस्मा आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी नेते," ती म्हणाली, आणि धारेवर पुढं झाली.