पुढच्या फळीतला भाऊ

विभागीय रग्बी चषकाची सेमीफायनल तिसऱ्याच क्लबच्या मैदानावर होते आणि प्रथमोपचाराला माणूसही तटस्थ लागतो. यंदा तो तटस्थ माणूस म्हणजे मी. एका संघाच्या पुढच्या फळीत माझा नवरा, दुसऱ्या संघाच्या पुढच्या फळीत माझा धाकटा भाऊ. तरी दोन्ही क्लबांनी माझ्या नावाला मान डोलावली, कारण दोघांनाही वाटत होतं, नर्सबाई आपल्याच आहेत.

भाऊ गेल्या वर्षीपर्यंत नवऱ्याच्याच क्लबात होता. नवरा कप्तान. त्याने मेहुण्याला सबंध मोसम बाकावर बसवून ठेवलं आणि वर सगळ्यांदेखत म्हणाला, "लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने लिफ्टच दुरुस्त कराव्यात." भाऊ तडक नदीपलीकडच्या क्लबात गेला. चषक उचलून दाखवतो, म्हणाला. त्यानंतर तो आमच्या घरची पायरी चढला नाही. भांडण त्या दोघांचं, बोलणं मात्र माझ्याशी बंद. फोन केला की भावजय उचलायची आणि "ते आंघोळीला गेलेत" म्हणायची. वर्षभर हा माणूस आंघोळच करत होता.

सामना सुरू होताना दोघांची तोंडं पाहूनच माझं डोकं फिरलं. स्क्रम म्हणजे आठ जण विरुद्ध आठ जण, डोकी एकमेकांत घालून रेटायचं. सगळा भार पुढच्या तिघांच्या मानेवर. नवरा ट्रकचे टायर बसवतो, त्याचे खांदे दाराच्या चौकटीत मावत नाहीत. तो भावाला दर स्क्रमला चिखलातून मागे लोटत होता आणि वर कानात काहीतरी बोलतही होता. काय ते मला ऐकू आलं नाही, पण ते बोलताना त्याचं तोंड कसं होतं ते मला घरी रोज दिसतं.

भावाचा संघ चार गुणांनी पुढे होता, तरी असे दोन-तीन स्क्रम आणखी झाले असते तर त्यांचा खेळ आटोपला असता. पाणी प्यायला थांबले तेव्हा त्यांचा कोच भावाच्या कानाला लागला. पुढच्या स्क्रमला भाऊ आडवा.

यातली मेख अशी. पुढच्या फळीत खेळायला शिकलेलाच गडी लागतो. तो जायबंदी झाला आणि त्याच्या जागी तसा दुसरा नसेल, तर उरलेल्या सामन्यात स्क्रममध्ये कुणी कुणाला रेटायचं नाही. त्यांचा राखीव गडी आधीच लंगडत बाहेर गेला होता. मात्र प्रथमोपचारवाल्याने "याला काही झालेलं नाही" म्हटलं आणि तरी गडी उठला नाही, तर त्याचा संघ सामना हरतो. म्हणजे सगळं येऊन पडलं माझ्या गळ्यात.

मी बॅग घेऊन धावले. नवरा ओरडत होता, "नाटक आहे! मी समोर होतो, भारच आला नव्हता त्याच्यावर! सांग रेफरीला!"

मी भावाशेजारी गुडघे टेकले. त्याने एक डोळा उघडला.

"ताई," तो हळूच म्हणाला.

खरं सांगते, मी विरघळले. वर्षभरानंतर तो शब्द ऐकत होते.

"ताई, सांभाळून घे गं," तो म्हणाला आणि त्याने डोळा मारला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर ज्या तोंडाला बहीण आठवली नाही, ते उघडलं ते यासाठी!

"काय दुखतंय?" मी विचारलं.

"मान," तो रेफरीला ऐकू जाईल असं कण्हला. मानेवर कुणी वाद घालत नाही, हे कोचने पढवलेलं असणार.

"खांदा नाही ना? नीट आठव."

"मान गं, मान!"

"बरं. मग हलायचं नाही."

मी त्याच्या गळ्याला पट्टा लावला. चौघांकडून त्याला स्ट्रेचरच्या फळीवर घेतलं, छाती, कंबर, पाय आवळून बांधले, कपाळावरून चिकटपट्टी ओढली.

"अगं, एवढं कशाला? बाजूला बसतो ना मी," तो पुटपुटला.

"मानेची इजा," मी रेफरीला खणखणीत आवाजात सांगितलं. "चषकाच्या नियमाप्रमाणे याला हा मोसम बंद."

आता त्याचे दोन्ही डोळे उघडले. हा अर्धा नियम कोचने त्याला सांगितलाच नव्हता. तो उठला असता तर नाटक उघडं पडून सामना तिथेच गेला असता, आणि पडून राहिला तर फायनल त्याच्याशिवाय होणार होती. तो पडून राहिला. अँब्युलन्समध्ये त्याच्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं आणि त्याला ते पुसता येत नव्हतं. मी पुसलं नाही.

हॉस्पिटलात एक्स-रे स्वच्छ निघाला. तेवढ्यात नवरा चिखलाच्या कपड्यांनिशी येऊन थडकला. चार गुणांनी हरून आला होता.

"ताई, चषकाच्या समितीला सांग मी बरा आहे म्हणून," भाऊ म्हणाला. "फायनल आहे माझी."

"तू सांग खोटं बोललो म्हणून. लगेच सांगते."

तसं सांगितलं तर त्याचा अख्खा संघ बाद झाला असता.

"तू एक शब्द बोलली असतीस तर आज आम्ही फायनलला असतो," नवरा म्हणाला. "बायको ना तू माझी?"

"आणि माझी कोण?" भाऊ म्हणाला. "सख्ख्या भावाला कुणी असं बांधतं?"

"हिला कुणाचं काही पडलेलंच नाही."

"अगदी बरोबर बोललात, भावोजी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच रागाशिवाय.

"जेवलास का काही?" नवऱ्याने विचारलं.

"कुठचं जेवण."

"चल, सोडतो तुला. वाटेत खाऊ."

नवऱ्याने त्याचे बूट उचलून हातात घेतले आणि दोघं बाहेर पडले. मी खिडकीतून पाहत होते. नवऱ्याने त्याच्यासाठी गाडीचं दार उघडलं, भाऊ काहीतरी बोलला आणि दोघंही हसले. गाडी फाटकातून गेली. मी अँब्युलन्सने आले होते, घरी कशी जाणार, हे दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.