डिसेंबरचा पहिला आठवडा

पांढरा, मुठीत मावणारा, आणि एका ओळीत तीन गोल पिना — त्रिशलानं तो ॲडॅप्टर उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि उगीचच भिंतीतल्या प्लगशी नेऊन टेकवला. बसला नाही. या घरातल्या एकाही भोकात तो बसणार नव्हता. अजून व्हिसा नाही, तिकिटं नाहीत, हॉटेलांची नुसती बोलणी, आणि हा मात्र काल कुरिअरनं येऊन जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी बसलेला... अभिनंदनचं सगळं असंच. शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी लागायच्या आत हा त्याला ठिबकच्या नळ्या विकून मोकळा. दुकानात त्याचं कौतुक होई. घरात ते कौतुक कसं करायचं, हे लग्नाला वर्ष होत आलं तरी तिला जमलेलं नव्हतं.

"इटलीचा पॉइंट वेगळा असतोय," अभिनंदन पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाला. "मी बघून मागवलाय."

"आणि तिकडं सूर्य कवा मावळतोय?" आक्कांनी ओट्यापासून विचारलं.

आक्का म्हणजे सासूबाई. सगळेच त्यांना आक्का म्हणत, त्यांचा मुलगासुद्धा. दिवस मावळल्यावर त्यांच्या तोंडात कण जात नसे, आणि आपला मुलगा आणि सून परमुलखात काळोखात जेवायला बसतील ही कल्पना त्यांना सोसत नव्हती.

"डिसेंबरात साडेचारलाच मावळतोय."

"मग चारला जेवा की. त्यात काय? मी दशम्या करून देतो, शेंगांची चटणी देतो. आठ दिवस हालत न्हाईत." आक्का ओला हात पदराला पुसत राहिल्या, हात कोरडा झाल्यावरही. "तुम्ही गेलासा की मी बी कोडोलीला भावाकडं जाऊन ऱ्हातो. हितं एकटी बसून काय करू?"

किती सहज ठरतं यांचं... त्रिशलानं पोह्यातली मिरची बाजूला काढली. डिसेंबरचा पहिला आठवडा. लग्न पाच डिसेंबरचं. वाढदिवस फ्लॉरेन्समध्ये साजरा करायचा असं अभिनंदननं गणपतीतच जाहीर केलं होतं, आणि तेव्हापासून हे तीन शब्द या घरात दळणाच्या पिशवीसारखे कुणीही उचलत होतं, कुठंही ठेवत होतं. डिसेंबरचा पहिला आठवडा — तिकडं थंडी असेल. डिसेंबरचा पहिला आठवडा — स्वेटर तिच्या माहेरहून, कबनूरहून आणायचे की इथंच घ्यायचे? आणि एप्रिलमध्ये, याच टेबलापाशी, दवाखान्यातून आल्यावर तिनंच ते शब्द पहिल्यांदा उच्चारले होते, लाजत, पर्स खांद्यावरून न उतरवता: डॉक्टर म्हणाल्या, डिसेंबरचा पहिला आठवडा. तेव्हा आक्का केवढ्यानं हसल्या होत्या! "म्हंजे लग्नाचा वाढदिवस नि बाळाचा वाढदिवस एकदमच! केक एकच आणायचा, व्हय रं?" अभिनंदनही हसला होता. तिघंही हसली होती. आता तेच शब्द, तीच माणसं, आणि कुणाच्या जिभेला साधा खडासुद्धा लागत नाही. कसं जमतं? जुलैत जे झालं ते जणू शेजारच्या फ्लॅटमध्ये झालं होतं...

"अकराला सम्राटकडं जायचंय," अभिनंदन हात धुऊन आला. "आज तारखा पक्क्या करू. तू तयार हो."

"अहो, तुम्हीच जाऊन या की." आक्कांसमोर ती त्याला तुम्ही म्हणे; खोलीत तू. अलीकडे खोलीतही फारसं बोलणं होत नसल्यामुळे तुम्हीच जिभेवर बसत चाललं होतं.

"तुझ्यासाठीच चाललंय की सगळं," तो म्हणाला.

माझ्यासाठी. हो. गाडीवर त्याच्या मागं बसून जाताना तिनं तो शब्द दातांत धरला. पाचव्या महिन्यात पोट रिकामं झालं, म्हणून इटली. लहान पोराचा फुगा फुटला की त्याच्या हातात दुसरं काहीतरी द्यावं, तशी. आणि द्यायला याला नेमकी इटलीच सापडावी... आर्किटेक्चर शिकताना होस्टेलच्या खोलीत तिच्या कपाटाच्या आतल्या बाजूला रोमचा नकाशा होता. कबनूरच्या घरी यंत्रमागांच्या खडखडाटात, एकमेकांचं बोलणं ऐकू न येणाऱ्या त्या घरात, ती सिएनाच्या उतरत्या चौकाचे फोटो बघत बसे आणि तिथली शांतता कशी असेल याचा विचार करी. काहीतरी होतं ते — स्वतःचं, कुणी न दिलेलं. नोकरी करून, पैसे साठवून, एकटीनं जायचं असं. आता ते भरपाईसारखं तिच्या ओंजळीत ओतलं जात होतं आणि तिला ते नको होतं. त्यांनी मूल विसरायला माझी इटली वापरली. दोन्ही गेलं.

जुलैतला तो दवाखान्याचा कॉरिडॉर... खाटेवर पडल्या पडल्या दाराबाहेरून तिला त्याचा आवाज येत होता. सोळा एमएम नळीची गुंडाळी आज नको, उद्या टाकतो, उद्या. मग तो आत आला, तिच्या पायाशी उभा राहिला, म्हणाला, "होतंय गं असं. डॉक्टर म्हणाल्यात, काळजीचं काय न्हाय." काळजीचं काय नाही! घरी आली तेव्हा आईनं शिवून धाडलेली मऊ दुपटी कपाटात नव्हती. कुणी उचलली, कुठं ठेवली — तिनं विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. त्या जागी इस्त्रीच्या चादरी होत्या. नीट घडी घातलेल्या.

सम्राटचं ऑफिस राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वर होतं. सम्राट अभिनंदनचा शाळेतला दोस्त. लोकांना परदेशी पाठवून पाठवून त्याच्या बोलण्यातली गावं जवळ आली होती.

"बसा वहिनी. रोममधनं रेल्वेनं फ्लॉरेन्स, म्हणजे हितनं मिरज समजा, फक्त जरा जोरात. मधी एक दिवस सिएना. शेवट व्हेनिस, तिथनं परत." त्यानं खुर्ची पुढं ओढली. "पण अभ्या, माझं ऐक. नोव्हेंबरातच जावा. थंडी कमी, दिवस मोठा. आक्कांचा जेवणाचा प्रश्नबी मिटतोय."

"न्हाय," अभिनंदन म्हणाला. "डिसेंबरचा पहिला आठवडाच."

"अरे, पाच तारीख महत्त्वाची हाय हे कळतंय की मला. पण वाढदिवस आल्यावर बी साजरा—"

"सम्राट, त्या दिवसांत आम्ही हितं नको. बास."

आवाज जरा चढला होता. सम्राटनं हात वर केले. त्रिशलानं नवऱ्याकडं पाहिलं. तो समोरच्या भिंतीवरच्या कुठल्याशा मनोऱ्याच्या चित्राकडं बघत होता. हितं नको... म्हणजे काय? दुकानाचा काही त्रास असेल. असेल काहीतरी.

"वहिनी, एक विचारतो, राग मानू नका. विम्यासाठी सगळ्यांनाच विचारावं लागतंय." सम्राटनं मान खाली घातली. "काही गुड न्यूज वगैरे न्हाई न्हवं सध्या?"

"नाही," ती म्हणाली. किती स्वच्छ निघाला शब्द. खालून मुलांचा एकसुरात पाढ्यासारखा आवाज येत होता. अभिनंदननं समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता. तरी तो प्यायला, आणि खाली ठेवला.

मग एकदम खुर्ची तिच्याकडं वळवत त्यानं सम्राटचा लॅपटॉप ओढला. "आता हे बघ. सांगणार न्हवतो, पण ऱ्हावंना. फ्लॉरेन्समधलं हॉटेल कुठं घेतलंय बघ. खिडकी उघडली की समोर काय?"

चौक. दगडी पायऱ्या, आणि त्यांच्यावर एका लयीत चाललेल्या बारीक खांबांच्या कमानी.

"तुझ्या कमानी!" तो म्हणाला. "गच्चीवर सांगितलतंस मला. आठवतंय?"

आठवत होतं. बघायला आला होता तेव्हा मोठ्यांनी दोघांना कबनूरच्या गच्चीवर बोलायला पाठवलं होतं, आणि काय आवडतं म्हणून त्यानं विचारल्यावर ती काहीतरी वेड्यासारखी बोलत सुटली होती — खांबाची उंची आणि दोन खांबांमधलं अंतर सारखंच, म्हणून ती ओसरी श्वास घेतल्यासारखी वाटते... यानं ते लक्षात ठेवलं होतं. शोधून काढलं होतं. पण ही इमारत कसली आहे, ते याला ठाऊक नव्हतं.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला तिनं तीच ओसरी कागदावर काढली होती. कमानींच्या मधल्या जागांत एकेक निळा गोल, आणि त्या गोलांत काय आहे ते काढायला वेळ उरला नव्हता. तिनं कंपासनं नुसते रिकामे गोल ओढून कागद दिला होता. आता पडद्यावर ते गोल भरलेले दिसत होते. प्रत्येकात एक बाळ. भाजलेल्या मातीचं, पांढरं, छातीपर्यंत कापडात गुंडाळलेलं, दोन्ही हात पसरून उभं. सहाशे वर्षांपूर्वीचं अनाथालय आहे हे. लग्नाच्या वाढदिवसाला सकाळी खिडकी उघडायची आणि समोर... तिला हसू आलं. खरंच आलं. सम्राटला वाटलं, वहिनी खूश झाल्या.

खाली उतरून त्यानं शहाळंवाल्यापाशी गाडी लावली. दोन शहाळी सांगितली. ऊन होतं, रिक्षा अंगाला घासून जात होत्या. तिला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

"इथं नको म्हणजे काय?"

"काय?"

"वर म्हणालास. त्या दिवसांत इथं नको."

त्यानं शहाळ्यातली नळी दोन बोटांत फिरवली. तिच्याकडं न बघता म्हणाला, "मला काय म्हैतच न्हाय असं वाटलं व्हय तुला? डॉक्टरीणबाईंनी तारीख सांगितलती. पहिला आठवडा. त्या आठवड्यात त्या घरात बसून काय बघत बसायचं? म्हणून म्हटलं, लांब जाऊ. जेवढं लांब जाता येईल तेवढं." मग म्हणाला, "आक्का पण त्यासाठीच कोडोलीला जाणार हायेत. मला घरात थांबवायचं न्हाय म्हणाल्या."

रस्त्याचा आवाज तसाच होता. तिनं शहाळं दोन्ही हातांत धरलं.

"म्हणजे तुम्ही दोघं याच्यावर बोललात."

"बोललो की."

"कधी?"

"तू दुपारची पडलेली असायचीस तवा. आक्का म्हणाल्या, तिच्याम्होरं विषय काढू नको, ती विसरत चाललीया, विसरू दे. ती दुपटी बी त्यांनीच..." तो थांबला. "कोडोलीला न्हेऊन ठेवलीत. टाकवंनात त्यांना."

पडलेली असायचीस. झोपलेली नव्हते मी! भिंतीकडं तोंड करून डोळे मिटून पडलेली होते, आणि पलीकडच्या खोलीत तुम्ही दोघं, आवाज बारीक करून, माझ्या बाळाबद्दल बोलत होतात. मला वाटायचं दुकानाचं काही चाललंय. तिकडं ते होतं तर — त्याचं नाव निघत होतं, त्याच्यासाठी कुणी रडतसुद्धा असेल, आणि या घरात फक्त मलाच त्याच्यापासून बाहेर ठेवलं होतं, माझ्या भल्यासाठी. तिला वाटलं होतं, यांना आठवतं हे कळलं तर आपण मोकळं होऊ. उलट तिला रागच आला. चार महिने ज्या एकटेपणाला ती घट्ट धरून होती तो तिचा नव्हताच; तो त्यांनी तिच्यासाठी मांडून ठेवला होता.

"अभिनंदन, त्या कमानी कसल्या आहेत माहीत आहे तुला?"

"कसल्या?"

"अनाथालय आहे ते. लोक आपली मुलं रात्री तिथं ठेवून जायचे. वर निळे गोल दिसतात ना? नीट बघ."

तिला थांबता आलं असतं. अजूनही काही नाही म्हणून शहाळं पिता आलं असतं. पण तो खिशातून फोन काढत होता, चित्र शोधत होता, दोन बोटांनी मोठं करत होता, आणि ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती — लागू दे, असं म्हणत. त्याची बोटं थांबली. शहाळंवाला खोबरं काढून देऊ का म्हणून विचारत होता.

"मग..." पडद्यावरून नजर न काढता तो म्हणाला. "ही वाढली का, पुढं? ही पोरं?"

"काही वाढली."

त्यानं मान हलवली. फोन खिशात ठेवायला त्याला खिसाच सापडेना. "मला म्हैत न्हवतं गं," तो म्हणाला. "आईशप्पथ. हॉटेल बदलू? सम्राट वरच हाय अजून, आत्ता जाऊन सांगतो."

"नको."

तिनं विचार करायच्या आधीच तो शब्द निघून गेला होता. का नको, ते त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

गाडी सुरू झाली. त्याला दुखवल्यावर जे वाटेल असं वाटलं होतं ते कुठंच नव्हतं. आजवर मनातल्या मनात ती त्या परक्या गावातून एकटीच फिरत आली होती — तो तिचे फोटो काढतोय, हसायला सांगतोय, आणि तिला जे ठाऊक आहे ते त्याला ठाऊक नाही. त्या ठाऊक असण्याच्या बळावर ती त्याच्यापेक्षा उंच उभी आहे, कडू, ताठ, निर्धास्त. आता त्या चौकात तोही येऊन उभा राहिला होता. वर बघत. तिला तो तिथं नको होता. आणि त्याला तिथून घालवायचं कसं तेही कळत नव्हतं, कारण त्याची मान तिच्यासारखीच मागं झुकलेली होती.

सिग्नलला तो थांबला. अर्धवट मागं वळून, हेल्मेटमधून, म्हणाला, "त्रिशला, आक्कांना सांगू नको हां. त्या कमानींचं. त्यांना सोसायचं न्हाय."

"बरं," ती म्हणाली.

आणि लगेच तिच्या लक्षात आलं, की आवाज तिनं बारीक केला होता — बंद दाराआड कुणीतरी डोळे मिटून पडलंय, ते ऐकेल, अशा बेतानं. आत घेतलं होतं त्यांनी तिला. अखेरीस. दिवा हिरवा झाला, मागच्या गाड्या ओरडू लागल्या, आणि आपल्याला आत यायचं होतं की नव्हतं, हे तिला काही केल्या आठवेना.