मागून जेवणारी

सकाळी दार उघडलं की त्या घरात आधी इस्त्र्या तापायच्या आणि मग माणसं. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांचे गठ्ठे, मधल्या खोलीत दोन लांब टेबलं, मागे स्वयंपाकघर, असं ते लॉन्ड्रीवाल्यांचं घर. धाकटी सून टेबलाच्या कडेपासून सहाव्या महिन्याचं पोट जपत शर्टाच्या कॉलरला इस्त्री करत होती. आधी उलटी बाजू, टोकाकडून मध्यावर, नाहीतर चुणी पडते. हात सराईत होता. पण दर कॉलरनंतर ती टेबलाचा आधार घेत होती.

"अगं, तोंड पांढरं पडलंय तुझं," शेजारच्या टेबलावरून नवरा म्हणाला.

"वाफेनं असेल," ती म्हणाली.

वाफेनं कधी कुणाचं तोंड पांढरं पडलंय? पण घरातलं घरातच ठेवायचं, हे ती माहेराहून शिकूनच आली होती.

घरातलं म्हणजे काय, तर जेवायची रीत. आधी सासरे आणि मुलगे, मग थोरल्याची पोरं, मग सासूबाई आणि थोरली सून, आणि सगळ्यांच्या मागून धाकटी. पातेल्याच्या तळाशी असेल ते तिचं. भात तरी उरायचा. अंडं, दूध, भाजी कुठली उरायला! बरं, घरात दुष्ट कुणी नव्हतं हो. सासरे तिला 'पोरी' म्हणून हाक मारायचे. दमून आडवी झाली की सासूबाई तिच्या पोटऱ्या चेपून द्यायच्या आणि आपल्या बाळंतपणांच्या गोष्टी सांगायच्या. पण ताट? छे! रीत म्हणजे रीत. अशा भल्या माणसांच्या घरात पोरी अर्धपोटी राहतात आणि कुणाच्या गावीही नसतं, संताप येतो तो याचाच.

पहिलं बाळ असंच मुठीएवढं जन्मलं होतं. आठवडाही काढला नाही त्यानं. 'देवाची मर्जी' म्हणत सगळ्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा त्याच क्रमानं जेवायला बसले. आता हे दुसरं धाकटीला जगवायचं होतं. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

वस्तीतल्या आरोग्य केंद्रात तेव्हा नवी योजना आली होती. गरोदर बायकांना दर महिन्याला बोलवायचं, काय खावं ते चित्रं दाखवून शिकवायचं, वर पौष्टिक पिठाचं पाकीट हातात द्यायचं. डोंगरापलीकडच्या जिल्ह्यात याच योजनेनं बाळं गुटगुटीत झाली होती. इथे मात्र वजनाचा काटा जागचा हलेना. नर्सबाई तशी मायाळू, पण त्या दिवशी तिचाही पारा चढला.

"पाकीट जातं कुठे? सांगून सांगून माझा घसा बसला, पण पालथ्या घड्यावर पाणी! तुला बाळाची काळजी आहे की नाही?"

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्याच्या मागोमाग राग आला. असा राग तिला जन्मात कधी आला नव्हता.

"बाई, डोंगरापलीकडे बायकांना कोण वाढतं?"

"कोण म्हणजे? आपापल्या घेऊन खातात. पुरुष कामाला बाहेरगावी, घर बायकाच चालवतात तिथे..." बोलता बोलता नर्सबाई थांबली.

"माझ्या घरी सासूबाई वाढतात. तुमचं पीठ आधी पुरुषांना, मग पोरांना. माझ्या वाट्याला घासायचं पातेलं. अंडं खा, दूध पी, हे मला काय सांगता? ज्यांना सांगायचं, त्या बाहेर बाकावर बसल्यात!"

खरंच बसल्या होत्या. दर महिन्याला सासूबाई सुनेला हाताला धरून आणायच्या. दारावर 'फक्त गरोदर महिलांसाठी' असा कागद चिकटवलेला, म्हणून बिचाऱ्या बाहेर चपला राखत बसायच्या. जिच्या हातात पळी, तीच उंबऱ्याबाहेर! रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हेच.

नर्सबाईनं कपाळावर हात मारला, सासूबाईंना आत बोलावलं, खुर्ची दिली, सगळं समजावलं. सासूबाईंनी मनापासून मान डोलावली. मग म्हणाल्या, "पटतंय हो तुमचं. पण पुरुषांच्या आधी सुनेनं जेवायचं? लोक तोंडात शेण घालतील आमच्या."

म्हणजे कळलं सगळं, पण वळेना.

त्याच दुपारी पुरुष मंडळी जेवायला बसली. सासूबाईंनी पातेल्यावरचं झाकण काढून सासऱ्यांना वाढलं. तेवढ्यात धाकटी आली, स्वतःचं ताट घेतलं आणि नवऱ्याशेजारी मांडी घालून बसली.

"हे काय गं?" सासूबाईंची पळी हवेतच राहिली.

"मला वाढा, आई."

"अगं, तुझे सासरे बसलेत समोर! या घरात असं कधी झालेलं नाही."

"म्हणूनच पहिलं गेलं."

सासऱ्यांनी घास खाली ठेवला. "पोरी, जीभ आवर. आम्ही उपाशी ठेवतो का तुला?"

"ठेवत नाही, बाबा. पण मी काय खाल्लं, ते कधी विचारतही नाही."

"जा ना आत," नवरा कुजबुजला, "नंतर बघू."

"लग्नापासून नंतरच जेवतेय मी. नंतर काय उरतं, पाहिलंयस कधी?"

त्यानं कधीच पाहिलं नव्हतं.

"मीही जन्मभर मागूनच जेवले!" सासूबाई कडाडल्या. "मेले का मी?"

"तुम्ही नाही, आई. तुमची दोन गेली. माझ्या पोटऱ्या चेपताना तुम्हीच सांगितलंत. नावं ठेवायच्याही आधी गेली म्हणालात."

सासूबाईंचे ओठ थरथरले. त्या दोघांबद्दल या घरात सगळ्यांदेखत कुणी कधी बोललं नव्हतं. मग त्या ओरडल्या, "एवढाच माज असेल तर उद्यापासून चूल वेगळी मांड!"

"मांडते. हातात काम आहे माझ्या. पण आज इथेच जेवणार आणि सगळ्यांबरोबर जेवणार."

तिनं सासूबाईंच्या हातातली पळी काढून घेतली. भात घेतला, भाजी घेतली, अंडं घेतलं. मग दुसरं ताट वाढून तिनं सासूबाईंपुढे सरकवलं.

"बसा, आई. गरम आहे तोवर खा."

सासूबाई बसल्या नाहीत. भिंतीला टेकून त्या ताटाकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळायला लागलं. धाकटीला ते दिसलं. पण तिनं घास खाली ठेवला नाही. पोट भरेपर्यंत ती जेवली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जेवली.

आता तुम्ही सांगा. आज तुमच्या घरी सगळ्यांच्या मागून कोण जेवलं? आणि तिच्या ताटात काय होतं?