हयात माणसाची श्रद्धांजली

डोलवीच्या कारखान्यातील कंत्राटी काम सोडून केवळ लेखणीच्या आधारावर संसार चालविण्याचा निश्चय मी केला, तेव्हा माझे शिक्षण नववीपर्यंतच झालेले होते. माझी पत्नी रोहिणी हिने मला गुढीपाडव्यापर्यंतची मुदत दिली. "पाडव्यापातुर बगते. नाय जमलं तर गप हेल्मेट घालायचं आन शिफ्टला जायचं," असे तिचे शब्द होते. मी ते मान्य केले.

माझे लेखन म्हणजे लग्नाची मंगलाष्टके, मंडळांचे अहवाल, सेवानिवृत्तांची मानपत्रे आणि दशक्रियेच्या वेळी वाचावयाच्या श्रद्धांजल्या. आमच्या खाडीकाठच्या गावांत वधूवरांची, आईबापांची व मामांची नावे गुंफलेली मंगलाष्टके झाली नाहीत, तर मांडव सुना वाटतो. रोह्याचे छापखानेवाले हर्षदशेठ मला अधूनमधून काम देत असत. एकदा ते म्हणाले, "निलेश, काम येईल तेव्हा तू धावतोस, म्हणून तुझी ही ओढाताण. पेणचे मूर्तिकार बघ. इकडे विसर्जन होतं आणि तिकडे पुढच्या वर्षाचा गणपती सुरू होतो. वर्षाचं नियोजन कर."

परतताना गाडी निडी, नागोठणे मागे टाकीत होती आणि माझ्या मनात तेच वाक्य घोळत होते. पेणला उतरून मी थेट गणेशमूर्तींच्या एका कारखान्याच्या शेडमध्ये गेलो. ते दिवस मार्गशीर्षाचे. तेथे छतापर्यंत लावलेल्या फळ्यांवर शेकडो पांढरे गणपती बसलेले होते. रंग नाही, दागिने नाहीत, डोळेही अद्याप काढलेले नाहीत. ज्यांच्या घरी ते जावयाचे, त्यांच्या मनात गणपतीचा विचारही नसेल. आणि येथे देव आधीच येऊन बसला होता. माझे हात आपोआप जोडले गेले. माणसाच्या तयारीला एवढी शोभा असू शकते, हे मला त्या दिवशी कळले.

मी घरी येऊन नियोजनास आरंभ केला. लग्ने मुहूर्तावर होतात, मंडळांचे उत्सव तिथीवर होतात. मृत्यू तेवढा आपली तारीख कळवीत नाही. घरात रडारड चालू असताना कोणीतरी धावत येई आणि मी घाईघाईने चार ओळी खरडून देई. ज्याने सत्तर-ऐंशी वर्षे कष्ट केले, त्याच्या वाट्याला अशा उष्ट्या ओळी याव्यात, याची मला खंत वाटे. म्हणून मी ठरविले की, गावातील वृद्धांचे जीवनवृत्त ते हयात असतानाच विचारून घ्यावे आणि श्रद्धांजली शांतपणे लिहून ठेवावी. हेतू शुद्ध होता.

प्रथम मी काळुरामदादांकडे गेलो. ते आधीपासूनच अंथरुणाला खिळलेले होते आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांची श्रद्धांजली ऐकून नदीकाठी जमलेली माणसे हुंदके देऊन रडली. माझा हुरूप वाढला. पुढे शकूआत्याकडे गेलो, नंतर कान्हूबाबांकडे. शकूआत्याही गेली.

मग गावाने दोन आणि दोन चार केले. मी रस्त्याने निघालो की बायका म्हातार्‍यांना आत घेऊन दार लोटू लागल्या. नळावरून हाक येई, "अगो, सासर्‍याला आत घे, चित्रगुप्त आला!" हसणे होते; परंतु त्या हसण्याच्या तळाशी भीती होती. शेवटी विठूकाका घरी आले. त्यांच्या मुलीचे, भूमिकाचे लग्न माघात होते आणि मंगलाष्टके माझ्याकडे होती.

"निल्या, राग नको मानूस," ते उंबर्‍याबाहेरूनच म्हणाले. "पन तुज्या हातचं अक्षर मांडवात नको रे. पोरीचा मामला हाय."

त्यांच्यामागून आणखी दोन घरांनी मंगलाष्टकांचे काम काढून घेतले. ज्याच्या हाताला अशुभ म्हटले गेले, त्याला लग्नाचे काम कोण देणार? आणि लग्नाचे काम नाही, तर माझे लेखनच संपले. रोहिणीने माळ्यावरून हेल्मेट काढून पुसले आणि खुंटीला अडकविले.

अशा वेळी कान्हूबाबांच्या पत्नी हौसाआजी यांचा फोन आला. "म्हातारा बोलवतो तुला. काय लिवलंस ते घेऊन ये. आन आधीच सांगते, त्याला काय झालं ना, तर तुजी खैर नाय!"

कान्हूबाबांनी सारे आयुष्य मिठागरात घालविले होते. आता श्वास पुरत नसल्यामुळे ते अंगणात खाटेवर बसून असत. मी पोहोचलो तेव्हा अर्धे गाव कुंपणाशी उभे होते. त्यांत विठूकाकाही होते. अंगणापलीकडे मिठाच्या राशी उन्हात लखलखत होत्या.

"माजं लिवलंस?" बाबांनी विचारले.

"लिहिले आहे, बाबा. क्षमा असावी."

"बुकातलं नको बोलू, दम लागतो मला. वाच."

मी वाचू लागलो : "ज्यांनी जन्मभर खाडीचे पाणी मिठागरात घेतले, ते उन्हाच्या हवाली केले आणि त्यातून शुभ्र मीठ उचलून लोकांच्या ताटापर्यंत पोहोचविले, ते कान्हूबाबा आज आपल्यात राहिले नाहीत…"

मी मध्येच वर पाहिले. आपण जगात नाही, हे वाक्य तो माणूस डोळे मिटून, मान किंचित कलती करून ऐकत होता, जसे कोणी दूरच्या गावी गेलेल्या भावाची खुशाली ऐकावी. त्यांच्या चेहर्‍यावर भय नव्हते. मी अनेक मृतांविषयी लिहिले होते; परंतु ज्याच्याविषयी लिहिले त्याने माझ्यासमोर बसून ते स्वीकारावे, असे कधी घडले नव्हते. माझा आवाज माझाच मला परका वाटू लागला. कसाबसा मी शेवटच्या ओळीपर्यंत आलो.

बाबांनी डोळे उघडले. "बरं लिवलंस. माजा बाप गेला तवा दोन शब्द पन कोन बोललं नाय. मी माजं ऐकून घेतलं."

तोच हौसाआजी कडाडल्या, "मेल्या, एवढं लिवलंस, यात माजं नाव कुटं हाय? मिठाच्या पाट्या काय एकट्यानं उचलल्या यानं?"

कुंपणाशी हशा पिकला. बाबांनाही हसू आले आणि खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, "हिचं नाव घाल, नायतर मला वर पन झोप नाय लागायची. आन आता दुसरं लिव. मनस्वीची मंगलाष्टकं."

त्यांची नात मनस्वी दाराशी उभी होती. ती आठवीत शिकत होती. ती किंचाळली, "आजोबा! मला नर्सिंगला जायचंय!"

"जा ना. ते बी घालंल तो त्यात. घाई नाय कुनाला. तुला वाटंल तवा लगीन कर. पन मी तवर नसेन, म्हनून आज लिवून घेतो."

मी चाचरत म्हणालो, "बाबा, वराचे नाव ठाऊक नाही. वृत्तात अक्षरे मोजून बसवावी लागतात. जागा तरी किती सोडू?"

"सोड तुज्या अंदाजानं."

"आन नाव मोठं निघालं तर?" कुणीतरी ओरडले.

"मंग त्याच मापाचा नवरा बगू!" हौसाआजी म्हणाल्या, आणि मनस्वी तोंड झाकून मटकन खाली बसली. अंगण हसण्याने दणाणून गेले.

"त्यात आजोबांविषयी काय लिहू?" मी हळूच विचारले. "आशीर्वाद देऊन गेले, असे लिहू का?"

"गेले कशाला? लिव, आजा मांडवात उभा हाय."

हयात माणसाला मी दिवंगत लिहिले होते. आता तोच माणूस मला सांगत होता की, तो नसेल त्या दिवशी त्याला उपस्थित लिही. मी तेथेच भुईवर बसलो. मनात अक्षरे जुळवीत गेलो आणि पहिले कडवे तयार झाल्यावर उभा राहून चालीवर म्हटले. त्यातील एक ओळ अशी होती : "आजोबा बघ मांडवात असती, हातांत या अक्षता." वराच्या नावाच्या जागी मी नुसता सूर धरला.

हौसाआजी आत गेल्या आणि पदरातून तांदूळ घेऊन आल्या. कोणी सांगितले नव्हते. त्यांनी मूठभर बाबांच्या हातात दिले आणि उरलेले कुंपणापाशी वाटले. विठूकाकांनी ओंजळ पुढे केली. तांदूळ घेताना ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "भूमिकाची पन तूच लिव. मामाचं नाव विसरू नको, रुसतो तो."

मी "शुभमंगल सावधान" म्हटले. मनस्वी उठून, पदर नसलेल्या डोक्यावर हात धरून हसत उभी होती. कान्हूबाबांनी हात वर केला आणि अक्षता तिच्यावर टाकल्या; मग उरलेल्या, तिच्या शेजारी जेथे अजून कोणीच उभे नव्हते, तेथे टाकल्या. आम्ही सर्वांनीही तेथेच टाकल्या.