पृथ्वीच्या शेपटाचं गाऱ्हाणं

मी एकदा सुरमईच्या पाठीवर बसून विजयदुर्गाला गेलो होतो. उतरताना तिनं भाडं म्हणून माझी टोपी ठेवून घेतली. ही गोष्ट आमच्या वाडीत पोरासोरांना पाठ आहे, आणि ती थाप आहे हेही. त्या थापांनीच माझा घात केला.

अक्षया माझ्या दिवंगत थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. उपग्रहांकडून येणारे आकडे वाचायला शिकली. तिला तीन वर्षांसाठी परदेशातून बोलावणं आलं. तिची आई, चंद्रावती वहिनी, राजी होईना. शेवटी म्हणाली, "रवळनाथाक गाऱ्हाणा घालूया. गाव 'होय म्हाराजा' म्हणालो तर जा." अक्षयानं कबूल केलं. ग्रामदेवापुढे सगळ्यांच्या वतीनं मागणं मांडायच्या ह्या गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराण्याचा, म्हणजे माझा.

आदल्या दिवशी तिनं मला समोर बसवलं.

"काकानू, पृथ्वी म्हणजे मोठो लोहचुंबक. सूर्याकडसून वारो येता, तो त्या चुंबकाचो जोर मागे ओढून चंद्राच्या पलीकडे लांबयता. तेका शेपूट म्हणतत. ताणून ताणून ता तुटला, की थंयचे आयन, म्हणजे विजेचे बारीक कण, जोरान पृथ्वीकडे धावतत. उपग्रह ते मोजता."

"सूर्याचेच मा ते?"

"थोडे आपल्याच हवेतले. भायर गेलेले, परत येतत. ते वेगळे काढूचा, ह्या माझा काम. इतक्याच सांगा देवाक. मीठमसालो नको."

सोमवारी देऊळ भरलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तुझ्या ह्या चेडवाक परमुलखातना बोलावणा इला आसा!"

"होय म्हाराजा!"

इथवर सरळ चाललं होतं. एवढ्यात समोर बसलेल्या, वाडीतल्या सुशांतनं जांभई दिली. माझ्यासमोर कोणी जांभई देतं? जीभ सुटली.

"पृथ्वीक शेपूट आसा म्हाराजा! आमचा चेडू तेतल्यो उवा काढूक जाता!"

'होय' कोणीच म्हणालं नाही. शेजारीण विमला खांबाला धरून हसत होती. सुशांत ओरडला, "वाकडा आसा काय रे शेपूट?" मोडलेलं गाऱ्हाणं त्याच कामासाठी पुन्हा घालायचं नाही, ही आमच्या देवळाची रीत. वहिनी चपला शोधत बाहेर पडली.

मी मागोमाग घरी गेलो. "वयनी, शेपूट खरा आसा गो. मोजलेला आसा. पोरीक जाऊ दी."

"भावोजी, सुरमयपण खरीच होती मा?"

देवाशपथ म्हणालो. तशा शपथा तिनं पुष्कळ ऐकल्या होत्या.

आईचं मन वळेल म्हणून अक्षयानं दोन दिवस वाट पाहिली. आईला दिलेला शब्द तिनं मोडला नाही. तिसऱ्या दिवशी अंगणात उभी राहून फोन केला, शुद्ध मराठीत. "नाही सर, येता येणार नाही. घरची अडचण आहे."

कसली अडचण, ते तिनं सांगितलं नाही. मी ओसरीवरच होतो. वहिनीनं आतून जेवायला हाक मारली, आणि मी उठून जेवलोही.