पंधरा मिनिटांचं स्थळ

माझी मावशी द्वारकाबाई औरंगपुऱ्यात वधूवर सूचक केंद्र चालवते. एकवीस वर्षांत किती लग्नं जमवली तो आकडा ती कुणाला सांगत नाही, दृष्ट लागते म्हणे. मी तनुजा, तिची लासूर स्टेशनची भाची. कॉम्प्युटरची पदवी घेऊन तिच्याकडं कामाला आले आणि वर्षभरात तिच्या सगळ्या वह्या सर्व्हरमध्ये भरल्या. सात हजार स्थळं. टाइप करून करून बोटं झिजली माझी.

मग उन्हाळा आला आणि लाइट जायला लागली. महिन्यात दोनदा सर्व्हर धाडकन बंद पडला. दुसऱ्यांदा चालू केला तर दीडशे मुलांच्या पगाराचा रकाना कोरा! मावशीच्या धंद्यात याहून मोठं संकट नाही.

"अजून एकदा पडलं ना तनू," मावशी म्हणाली, "तर मी वह्या काढते. अन् तू गपगुमान लासूरला जाऊन आप्पासाहेबांच्या दुकानात बस."

आप्पासाहेब म्हणजे माझे वडील. ते बियाणं विकतात आणि गिऱ्हाइकाला दिवसभर सल्ले देतात. मला दोन्हीचा कंटाळा. म्हणून मी यूपीएस घ्यायचं काढलं. लाइट गेल्या क्षणी सर्व्हरला आपल्या बॅटरीवर धरून ठेवतो तो डबा.

"माझ्या गारखेड्याच्या घरी इन्व्हर्टर हाय की. टीव्ही चालतो त्याच्यावर," मावशी म्हणाली.

"तो चालू होताना टीव्ही लुकलुकतो ना? तेवढ्यात आपला सर्व्हर मरतो."

हे तिला पटलं. मग मी यूपीएस विकणाऱ्या दोघांना बोलावलं.

पहिला सुयश. टाय, लॅपटॉप, घडीव हसू. "मॅडम, चार तास बॅकअप. पंखे लावा, प्रिंटर लावा, काहीही लावा." मी तिथंच विरघळले. चार तास! मी मनातल्या मनात ऑर्डर देऊनसुद्धा टाकली.

दुसरा रामेश्वर. खांद्याला मळकी पिशवी, चहासुद्धा नको म्हणाला. आल्या आल्या टेबलाखाली शिरला, वायरीला चिमट्याचं मीटर लावलं आणि सर्व्हर वीज किती खातो ते कागदावर लिहिलं. मग म्हणाला, "प्रिंटर याच्यावर लावायचा नाय. त्याची भूक लई, एका झटक्यात यूपीएस बसंल. सर्व्हर अन् त्याचा स्क्रीन, बास. पंधरा मिनिटं मिळतील."

"पंधराच?" मावशी जवळजवळ ओरडली. "तो पोरगा चार तास म्हणतोय!"

"बाई, पंधरा मिनिटं काम रेटायला नसतात. मशीन नीट झाकपाक करून ठेवायला असतात."

तो गेल्यावर मी म्हणाले, "मावशी, सुयशचाच घेऊ. आधीच्या गिऱ्हाइकांची नावंसुद्धा दिलीत त्यानं, चौकशी करा म्हणाला."

मावशीनं माझ्याकडं कीव येऊन पाहिलं. "पोरी, पोराकडच्यांनी दिलेल्या नावावर चौकशी करायची नसती. ते गोडच बोलणार. शेजारी विचारायचं. चप्पल घाल."

सुयशच्या यादीत पहिलं नाव एका दाताच्या दवाखान्याचं होतं. आम्ही रिक्षा केली. दवाखान्याकडं मावशीनं ढुंकूनही पाहिलं नाही. समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "लाइट गेल्यावर या दवाखान्यात काय होतं हो?"

"क्या होना है," टपरीवाले चाचा म्हणाले, "डॉक्टरसाब बाहर आते, चाय पीते. पेशंट बी आते."

मावशीनं चहा संपवला. मी जमिनीकडं पाहत होते.

रामेश्वरनं नावं दिलीच नव्हती. त्याला फोन करून मावशीनं फक्त एवढंच काढून घेतलं, की गारखेड्यातल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये त्याचा यूपीएस आहे. आम्ही तिथल्या टपरीवर गेलो. तोच प्रश्न.

"त्यांच्यातलं कुणी येत नाय ओ बाहेर," टपरीवाली बाई वैतागून म्हणाली. "सगळ्या गल्लीची लाइट जाती, हे आपले आत बसलेले. माझं नुकसानच हाय."

"पोरगं चांगलं हाय," मावशी म्हणाली. तिला यूपीएस म्हणायचं होतं. माझ्या पदवीला जे कळलं नाही ते दोन कप चहात निघालं, याची मला लाज वाटली आणि हसूही आलं.

रामेश्वरचा डबा बसला. आठवडा शांत गेला. मग मंगळवारी दुपारी वैजापूरच्या चतुराबाई लेकीसाठी स्थळं बघत बसल्या होत्या आणि लाइट गेली. पंखा थांबला, यूपीएस टीं टीं करायला लागला, पण स्क्रीन चालू!

मावशी हरखून गेली. "बघा, आमचं बंद पडत नाय!" एक स्थळ दाखवलं, दुसरं दाखवलं, पाचवं दाखवलं. मी यूपीएसवरचा आकडा बघत होते. सहा मिनिटं उरली होती.

"मावशी, बास. बंद करते."

"एकच. वाळूजचा इंजिनियर."

"एकही नाही!"

माझा आवाज चढला. इथं आल्यापासून पहिल्यांदा. मावशीचा हात माउसवर तसाच राहिला. मग तिनं तो उचलला आणि खुर्ची मागं सरकवली. मी एकेक फाइल मिटत सर्व्हर रीतसर बंद केला.

चतुराबाईंना राग आला. "द्वारकाबाई, मालकीण तुम्ही का ही पोरगी?"

लासूरच्या दुकानातलं स्टूल मला स्पष्ट दिसायला लागलं.

"मालकीण मीच," मावशी म्हणाली. "पण मशीन कधी बंद करायचं ते ही ठरवती. तिच्यापुढं माझं बी चालत नाय. बसा, लाइट येऊ द्या."

लाइट पाऊण तासानं आली. मी सर्व्हर चालू केला. सात हजार स्थळं, सगळे पगार जागच्या जागी. मला इतका आनंद झाला होता, की स्क्रीन नीट दिसेना. मावशी खुर्चीकडं परत आलीच नाही. लांबूनच म्हणाली, "तनू, तूच दाखव यांना तो इंजिनियर."